चाळीस मीटरवरची अक्षरं

क्लिफर्ड हॅझलडीनने अर्धा खाल्लेला टोस्ट बशीसकट बाजूला सारला आणि न्याहारीच्या टेबलावर दुर्बिणींचा चौथा कॅटलॉग उघडला, तेव्हा बेरिलने ओळखलं की आता जेवायचं टेबल गेलं.

"पंधरा-सत्तर की वीस-ऐंशी?" त्याने विचारलं.

"काय?"

"दुर्बीण गं. पंधरा पट मोठं दाखवणारी, सत्तर मिलिमीटरची भिंगं. का वीस पट, ऐंशीची?"

"जिच्यातून समोरचा टोस्ट दिसेल ती घे," बेरिल म्हणाली.

क्लिफर्ड वजनमापे खात्यातून निवृत्त झाला होता. इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या पबांमधून बिअरचा ग्लास काठोकाठ भरतात की फेस दाखवून गिऱ्हाइकाला गंडवतात, हे त्याने तीस वर्षं तपासलं होतं. आता तो आकाश तपासत असे. लंडनहून अमेरिकेला जाणारी विमानं त्याच्या परसाच्या बरोब्बर वरून जात. मोटारीला नंबर असतो तशी प्रत्येक विमानाला आपली अक्षरं असतात. ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचली, तरच वहीतल्या त्या नावाखाली पट्टी धरून लाल रेघ मारायची, असा नियम होता. हल्ली फोनवर बोट ठेवलं की डोक्यावरून कोण चाललंय ते कळतं. पण क्लिफर्डचं म्हणणं असं, की फोनने वाचलं ते फोनच्या वहीत.

चार इंजिनांच्या एका जुन्या ताफ्यातली अठ्ठावीस विमानं होती. सत्तावीसांखाली लाल रेघ होती. अठ्ठाविसावं, ज्याची शेवटची अक्षरं झेड-के, ते बावीस वर्षं त्याला हुलकावणी देत होतं. कधी ढग, कधी दाताचा डॉक्टर, एकदा तर बेरिलच्या बहिणीचं लग्न. आणि आता त्याच्यासारखाच विमानं टिपणारा त्याचा मित्र आल्बी गॉफ याचा फोन आला होता.

"क्लिफ, झेड-के मोडीत निघालं. तीन आठवड्यांनी, गुरुवारी साडेदहाला अमेरिकेच्या वाळवंटात शेवटची फेरी. तुझ्या डोक्यावरून."

"किती उंचीवरून?"

"तेहतीस हजार फूट. तुझ्या त्या जुन्या दुर्बिणीतून अक्षरं दिसायची नाहीत हां. हात थरथरतो तुझा."

"हात नाही थरथरत. दुर्बीण थरथरते," क्लिफर्ड म्हणाला. पण रात्रभर त्याला झोप लागली नाही. बावीस वर्षांचं काम एका सकाळवर येऊन ठेपलं होतं.

दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तर तीस वर्षांची नोकरी फुकट गेली म्हणायची. क्लिफर्डने हिशेब मांडला. दहा किलोमीटरवरचं सव्वा मीटर उंचीचं अक्षर म्हणजे चाळीस मीटरवरचं पाच मिलिमीटरचं. म्हणजे चाळीस मीटरवरची पाच मिलिमीटरची अक्षरं जी दुर्बीण वाचेल, ती झेड-के वाचेल. पंचाईत एवढीच की त्याचं परस अठरा मीटरचं होतं.

पण परसाच्या टोकाला कुंपण, कुंपणापलीकडे मिसेस प्रीस यांचं परस, आणि त्यापलीकडे त्यांच्या घराची मागची भिंत. त्या भिंतीवर चोरघंटेची पिवळी पेटी होती आणि पेटीवर कंपनीचा फोन नंबर. तशीच पेटी क्लिफर्डच्या घरावरही असल्यामुळे त्याने शिडी लावून आकडे मोजले. बरोब्बर पाच मिलिमीटर. नकाशावरून अंतर काढलं. एकेचाळीस मीटर. देवाने नेमून दिल्यासारखी ती पेटी तिथे होती. ती मिसेस प्रीस यांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीला लागून आहे, ही गोष्ट त्याच्या कोष्टकात कुठेच बसत नव्हती, म्हणून त्याने ती लक्षात घेतली नाही.

पहिल्या आठवड्यात पंधरा-सत्तर आली. क्लिफर्ड आरामखुर्चीत बसून अर्धा-अर्धा तास पेटीकडे बघे. आकडे दिसत, पण नाचत. परत पाठवली. मग आल्बीच्या आग्रहावरून लांबलचक टेलिस्कोप आला. त्यात मिसेस प्रीस यांचं घर धुराड्यावर उभं दिसलं.

"उलटं दिसतं रे यातून!" क्लिफर्ड फोनवर ओरडला.

"तारे बघायचा घेतलास वाटतं. ताऱ्यांना उलटं-सुलटं काय कळतंय!" आल्बी म्हणाला. "तू खाली डोकं वर पाय कर."

तोही परत गेला. शेवटी पंचवीस-शंभर आली. दोन माणसांनी उचलायची, भक्कम तिकाटण्यावर बसवायची आणि मान न मोडता वर बघता यावं म्हणून डोळ्यांपाशी वाकवलेली. क्लिफर्डने ती पेटीवर रोखली आणि फोन नंबर घडाघडा वाचला. तो नंबर त्याला आता पाठ झाला होता हे खरं, पण यावेळी तो दिसलाही. आनंदाने त्याने वहीत लिहिलं : "शेजारच्या खिडकीचे पडदे आज पूर्ण लावलेले. त्यामुळे काचेची चकाकी नाही. वाचन सुलभ."

त्याच दुपारी त्याच्या दारातल्या फटीतून एक पाकीट आत पडलं. वर लिहिलं होतं, 'सचिव, शेजार-पहारा समिती'. गल्लीत चोराचिलटांवर नजर ठेवायची ही समिती, आणि तिचा सचिव अकरा वर्षं क्लिफर्डच होता.

"महोदय, आपल्या गल्लीत एक गृहस्थ दिवसाढवळ्या लोकांच्या झोपायच्या खोल्यांकडे दुर्बिणीतून पाहतात. मला कुणाचं नाव घ्यायचं नाही. त्यांची दुर्बीण दर आठवड्याला मोठी होत चालली आहे. कृपया लक्ष ठेवावे. एक रहिवासी."

क्लिफर्ड संतापाने लाल झाला. "आपल्या गल्लीत! बेरिल, असली माणसं आपल्या गल्लीत!"

"कोण असेल?" बेरिल स्वेटर विणता विणता म्हणाली.

"तेच शोधून काढतो." आणि सचिवाने कर्तव्याला जागून पंचवीस-शंभर वरच्या मजल्यावर नेली. दोन दिवस तो डोळ्यांत तेल घालून गल्लीतली एकेक खिडकी तपासत होता. लबाड कुठे सापडेना. तिसऱ्या दिवशी दुसरं पाकीट आलं.

"महोदय, ते आता वरच्या मजल्यावर गेले आहेत."

या वेळी पत्र बेरिलने आधी वाचलं. तिने विणकाम खाली ठेवलं. वर जाऊन दुर्बिणीकडे पाहिलं, खिडकीतून मिसेस प्रीस यांच्या लावलेल्या पडद्यांकडे पाहिलं आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

"क्लिफर्ड, तो माणूस सापडला."

"कोण?"

"कुंपणानेच शेत खाल्लं. चल, कोट घाल. मी केक करते."

मिसेस प्रीस सत्तरीच्या विधवा, चर्चच्या फुलांची व्यवस्था त्यांच्याकडे. लिंबाचा केक हातात घेऊन क्लिफर्डने दारातच विमान, पेटी, पाच मिलिमीटर, सगळं एका दमात सांगितलं. त्याचे कान तापले होते. मिसेस प्रीस यांचे त्याहून जास्त तापले.

"अहो नाही नाही, मिस्टर हॅझलडीन, चूक माझीच. पेटी मीच तिथे लावून घेतली."

"छे छे, मी आधी विचारायला हवं होतं."

"नाही हो, मी पडदे लावायला नको होते. वाईट दिसलं ते."

"उलट पडद्यांनी फार मदत झाली," क्लिफर्ड म्हणाला, आणि बेरिलने त्याच्या पायावर पाय दिला.

दोघांनी एकमेकांची इतकी माफी मागितली की केक तसाच राहिला. मग मिसेस प्रीस हळूच म्हणाल्या, "आणखी एक सांगायचं होतं. मी याबद्दल कुणाजवळ बोलले नाही. फक्त चौघांजवळ. आणि आपल्या चर्चच्या रेव्हरंड बाईंजवळ."

"मग आता असं करू," बेरिल म्हणाली, "गुरुवारी सगळ्यांनाच चहाला बोलवू. त्यांच्या डोळ्यांनी बघू देत दुर्बीण कुठे रोखलीय ती."

इज्जत वाचवायची तर दुसरा उपाय नव्हता. क्लिफर्डने मान डोलावली. झेड-के आणि आपली अब्रू यांचा एकाच सकाळी निकाल लागणार, याचं त्याला बरंही वाटलं.

जूनमधल्या त्या गुरुवारी आकाश असं निघालं की त्यावर भरवसा ठेवावा की नाही कळेना. एक ढग नाही. दहा वाजता परसात अकरा माणसं जमली. क्लिफर्डने पश्चिमेकडे चाललेलं एक विमान दुर्बिणीत धरून रेव्हरंड बाईंना दाखवलं. "अगं बाई, याच्या पोटावर लिहिलंय की!" त्या ओरडल्या. लगेच पोस्टातले निवृत्त मिस्टर टिमिन्स त्यांच्या मागे उभे राहिले, त्यांच्या मागे जुळ्या बहिणी, आणि बघता बघता गुलाबाच्या वाफ्यापर्यंत रांग लागली. क्लिफर्ड चहाचा ट्रे फिरवत होता. ट्रे रिकामा झाला तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

"क्लिफर्ड!" बेरिल दबक्या आवाजात म्हणाली. "पुढे जा की. दुर्बीण तुझी आहे!"

"रांग आहे, बेरिल."

"परसही तुझंच आहे!"

"म्हणून काय मध्ये घुसू? लोक काय म्हणतील?"

दहा सत्ताविसाला खिशातला फोन वाजला. आल्बी किंचाळत होता, "माझ्या डोक्यावरून गेलं! चार मिनिटांत तुझ्याकडे!" क्लिफर्डच्या पुढे अजून तिघी होत्या. आग्नेयेला चार पांढऱ्या रेघा उमटल्या. "माफ करा" एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण तो ज्या मातीत वाढला होता, तिथे माणूस बुडताना ओरडेल, रांग मोडायला ओरडणार नाही. जुळ्यांपैकी धाकटी उरली, मग ती सरली. आता फक्त मिसेस प्रीस. त्यांनी मागे वळून पाहिलं.

"तुम्ही बघा आधी, मिस्टर हॅझलडीन."

आणि क्लिफर्डच्या तोंडून, सत्तर वर्षांच्या सवयीने, बाहेर पडलं, "छे छे, आधी तुमचा नंबर."

"नक्की ना?"

"अगदी नक्की."

त्यांनी दुर्बिणीला डोळे लावले. "सापडलं! केवढं सुंदर आहे हो! शेवटची अक्षरं... झेड... के!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्लिफर्डनेही वाजवल्या. मान वर करून तो नुसत्या डोळ्यांनी त्या चार रेघांच्या टोकावरचा चांदीचा ठिपका बघत होता. दुर्बीण हाती आली तोवर वरातीमागून घोडं. तिच्यात फक्त विरत चाललेला धूर होता.

"मार की रेघ," रात्री आल्बी फोनवर म्हणाला. "विमान पाहिलंस ना? कुणाला कळणार आहे?"

"मला," क्लिफर्ड म्हणाला. झेड-के खालची जागा कोरीच राहिली. तीस वर्षं त्याने अर्धं बोट कमी भरलेला ग्लास पास केला नव्हता, आणि आता स्वतःचाच ग्लास कमी भरला होता. पंचवीस-शंभर कपाटात गेली. बेरिलला जेवायचं टेबल परत मिळालं, पण तिला त्याचं सुख वाटेना.

ऑक्टोबरात मिसेस प्रीस दारात आल्या. त्यांच्या हातात छोटी डबी होती.

"मोडलेल्या विमानांच्या पत्र्याच्या चकत्या विकतात म्हणे. किल्लीच्या जुडग्याला लावायला. बेरिलकडून नंबर घेऊन तुमच्या आल्बींना विचारलं, त्यांनी पत्ता दिला. जूनपासून मला झोप लागली नाही हो, मिस्टर हॅझलडीन. रांगेत मी तुमचं विमान पाहिलं."

डबीत पांढऱ्या रंगाचा, वेफरएवढा पत्रा होता. क्लिफर्डने चटकन डोळे मिटले आणि डबी बंद केली.

"आवडलं नाही का?" मिसेस प्रीस घाबरल्या.

"यावर अक्षरं कोरलीत?"

"हो. पूर्ण."

"उंची किती असेल?"

"असतील पाचेक मिलिमीटर."

बेरिलला त्याचे डोळे ओले दिसले. मग तो म्हणाला, "मिसेस प्रीस, एक विनंती आहे. जरा विचित्र आहे."

पाच मिनिटांनी पंचवीस-शंभर परसात उभी होती. एकेचाळीस मीटरवर, झोपायच्या खोलीची खिडकी सताड उघडून, पडदे बाजूला सारून, मिसेस प्रीस अर्ध्या बाहेर वाकल्या होत्या आणि पत्रा हलवून ओरडत होत्या, "दिसतंय का हो?"

"हलवू नका! स्थिर! थोडं डावीकडे! आता छान!"

त्याने एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. मग झेड. शेवटी के. मग पट्टी धरून लाल रेघ मारली आणि समासात, खोटं नको म्हणून, लिहिलं : "विमान जूनमध्ये पाहिले, अक्षरे ऑक्टोबरात वाचली." त्याने नाक शिंकरलं आणि खिडकीकडे हात हलवला. मिसेस प्रीस यांनीही दोन्ही हात हलवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फटीतून पाकीट पडलं. 'सचिव, शेजार-पहारा समिती'.

"महोदय, आम्ही नऊ नंबरमध्ये गेल्याच आठवड्यात राहायला आलो, तक्रार करायची इच्छा नाही. पण आपल्या गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ फार मोठ्या दुर्बिणीतून एका बाईंच्या झोपायच्या खोलीत पाहतात. आणि बाई वरून हात हलवतात."

क्लिफर्डने पत्र बेरिलकडे सरकवलं. तिने ते वाचलं, घडी घातली, आणि लिंबं काढायला उठली.