लोण्याच्या चढावरचं खेचर

"आर्नोबिओदादा, आज खेचर आहे ना बरोबर? असेल तर बसते."

शनिवारी सकाळपासून हा प्रश्न चौथ्यांदा आला, तेव्हा आर्नोबिओने हातातला कॉफीचा कप जीपच्या बॉनेटवर असा आदळला की निम्मी कॉफी त्याच्याच शर्टावर आली. विचारणाऱ्या मास्तरीणबाई उत्तराची वाट न बघता मागच्या जीपमध्ये जाऊन बसल्याही. ती जीप हिल्दार्दोची होती, हे जास्त झोंबलं.

"बावीस वर्षं या चढावर गाडी घालतोय!" आर्नोबिओ अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असा ओरडला. "बावीस वर्षांत एकदा अडकलो. एकदा!"

"एकदाच की," हिल्दार्दो दात कोरत म्हणाला. "आम्ही कुठे जास्त म्हणतोय? पण काढलं खेचराने."

पालोसेको गावच्या चौकात डोंगरावरच्या वाड्यांना जाणाऱ्या जीपा सेइबाच्या झाडाखाली रांगेने लागतात. सावली फक्त पहिल्या जीपला मिळते आणि प्रवासीही आधी तिच्यातच चढतात. हा पहिला नंबर वशिल्याने मिळत नाही. गावाच्या वाढदिवसाला जीपच्या मागच्या बाजूला कॉफीची पोती रचायची, गाडी मागच्या दोन चाकांवर उभी करायची, ड्रायव्हरने खाली उडी मारून टोपी हलवत बाजूला राहायचं आणि गाडीने आपली आपण गिरक्या घ्यायच्या. ज्याच्या गिरक्या जास्त, त्याचा वर्षभर पहिला नंबर. आर्नोबिओकडे तो अकरा वर्षं होता आणि त्याआधी त्याच्या वडिलांकडे. आर्नोबिओच्या मते त्याच्या घराण्याला दुसरी इस्टेट नव्हती आणि नकोही होती.

आणि अशा माणसाला गेल्या मंगळवारी भर पावसात, लोण्यासारखा निसरडा म्हणून लोण्याचा म्हणतात त्या चढावर, चौदा प्रवासी आणि दोन डुकरांच्या देखत चढालगत राहणाऱ्या नुबियाबाईंच्या खेचराने दोर लावून ओढून काढलं होतं. मागून हिल्दार्दो येत होता. त्याने पाहिलं आणि त्यामुळे गावाने पाहिलं.

"मला एक सांगा उस्ताद," त्या दुपारी ओविदिओच्या गॅरेजात शिरत आर्नोबिओ म्हणाला, "माझी गाडी अडकली कशी? उजवं चाक चांगलं दगडावर होतं."

ओविदिओ चौकातला म्हातारा मेकॅनिक. आर्नोबिओच्या वडिलांची गाडीही त्यानेच सांभाळलेली.

"डावं चिखलात होतं ना? मग झालं तर. डिफरन्शियल म्हणतात त्याला. ज्या चाकाला फिरणं सोपं, त्यालाच इंजिन सगळा जोर देतं. चिखलातलं नुसतं गरागरा फिरतं, दगडावरचं बघत बसतं."

आर्नोबिओचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे जो फुकट नाचतो त्याला सगळं, आणि जो काम करायला तयार उभा आहे त्याला काही नाही? हा काय न्याय झाला? हे तर नगरपालिकेसारखं झालं!"

"माझ्यावर कशाला ओरडतोस? मी शोधून काढलं का ते? वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, म्हणून तशी सोय असते."

"ती काढून टाका."

ओविदिओने हात पुसले आणि शांतपणे समजावलं. एक प्रकार असा की आत चकत्या बसवायच्या. एक चाक फार घसरायला लागलं की त्या थोडा जोर दुसऱ्याकडे वळवतात.

"थोडा?" आर्नोबिओ म्हणाला. "खेचराने मला थोडं ओढलं होतं का?"

दुसरा प्रकार बटणाचा. चिखल आला की बटण दाबायचं, दोन्ही चाकं एकत्र जखडतात. चिखल संपला की सोडून द्यायची. पण तो बाहेरून मागवावा लागेल, दोन महिने लागतील. ओविदिओच्या मते घ्यावा तर तोच.

"दोन महिने मी खेचराचे टोमणे ऐकू? आणि बटण कशाला? सरळ वागायला बटण लागतं का उस्ताद? चाकांनी कायम बरोबरीने काम करायचं. कायम!"

"मग आतली दातेरी चाकं एकमेकांना वेल्डिंगने जोडून टाकतो. एका दिवसाचं काम. पण ऐक, मग ते पुन्हा सुटत नाही. वळताना गाडी हट्ट करेल, आणि..."

"हट्ट करू दे. माझीच आहे ती."

"अरे, पुढचं तरी ऐकशील..."

"जोडा!"

तेवढ्यात आर्नोबिओची बायको रुबिएला जेवणाचा डबा घेऊन आली. तिने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "अहो, पण मग माझी अंडी?" ती दर शनिवारी त्याच्याच जीपमधून वरच्या वाडीतल्या बहिणीच्या बेकरीला दोनशे अंडी नेत असे. आर्नोबिओ डबा उघडून जेवायलाही लागला होता.

सोमवारी ओविदिओने मागचा आस उघडला, तेल काढलं, आतला गोळा बाहेर काढून घासून पुसून जोडला आणि परत बसवला. मंगळवारी पुन्हा धो धो पाऊस आला. आर्नोबिओने मुद्दाम सगळ्यांच्या आधी गाडी काढली आणि लोण्याचा चढ एका दमात, दुसऱ्या गिअरमध्ये, शीळ घालत चढून गेला. नुबियाबाईंचं खेचर कुंपणाशी उभं होतं. त्याने गाडी थांबवून त्याला टोपी काढून सलाम केला.

रडगाणं सुरू झालं ते उतरल्यावर. चौकाच्या फरसबंदीवर वळताना टायर डुकरासारखे किंचाळायला लागले. चर्चचा कोपरा, जो तो झोपेतही घ्यायचा, आता मागेपुढे करून तिसऱ्या प्रयत्नात जमे. प्रत्येक वळणावर गाडी आधी नाही म्हणायची आणि मग एकदम धक्का देऊन हो म्हणायची. शनिवारी रुबिएला वर पोचली तेव्हा दोनशेपैकी एकशे बारा अंडी टोपलीतच आम्लेटच्या तयारीला लागली होती.

"बाजूला बसलेली माणसं फुटली का?" आर्नोबिओ चिडून म्हणाला. "नाही ना? मग अंडीच नाजूक निघाली त्याला मी काय करू?"

रुबिएलाने टोपली तशीच त्याच्या मांडीवर ठेवली.

गावाचा वाढदिवस आला. चौक माणसांनी भरला, बँड वाजायला लागला, परीक्षकांच्या टेबलावर फादर, नगराध्यक्षीणबाई आणि तीन मजली केक येऊन बसले. हिल्दार्दोने साडेचार गिरक्या घेतल्या, त्याच्या मानाने बऱ्याच. मग आर्नोबिओ आला. पोती मोजून रचलेली, डावीकडे एक पोतं जास्त, वडिलांनी शिकवलं होतं तसं. गर्दीत ओविदिओने आता कुठे तोंड उघडलं.

"आर्नोबिओ! अरे, तेच सांगत होतो! एक चाक थांबतं आणि दुसरं पळतं, म्हणून तर ती गिरकी..."

बँडमध्ये कोणाला ऐकू जाणार? जीपने पुढची चाकं उचलली, आर्नोबिओने ऐटीत उडी मारली, टोपी काढली, आणि वाकून नमस्कार करून वर बघतो तर जीप चालली होती. सरळ. न्यायाने, दोन्ही चाकांनी बरोबरीने काम करत.

"पळा!" फादर ओरडले आणि कासोटा उचलावा तसा झगा उचलून सगळ्यांच्या आधी पळाले. जीप टेबलावरून गेली, केकवरून गेली, बँडचा मोठा ढोल तिने दोन फूट बाजूला केला आणि समोर ओविदिओच्या गॅरेजच्या उघड्या दारातून आत जाऊन टायरांच्या ढिगात नाक खुपसून थांबली. कोणालाही खरचटलंसुद्धा नाही.

"बघा, किती शहाणी!" हिल्दार्दोचा आवाज आला. "स्वतःच दुरुस्तीला गेली!"

आर्नोबिओने रीतसर तक्रार केली. त्याची गाडी दोन चाकांवर सगळ्यांत लांब गेली, हे कोणी नाकारू शकेल का? नगराध्यक्षीणबाईंनी केसांतलं क्रीम पुसत विचारलं, "गिरक्या किती?" गिरकी एकही नव्हती. पहिला नंबर हिल्दार्दोला गेला आणि शून्यवाला आर्नोबिओ सहाव्या, म्हणजे शेवटच्या, उन्हातल्या जागेवर गेला. त्या संध्याकाळी तो वडिलांच्या फोटोकडे पाठ करून जेवला. त्याला खरंच रडू येत होतं, आणि रडू येतं म्हणून आणखी राग.

मग एका आठवड्यात पावसाने त्याची बाजू घेतली. लोण्याच्या चढावर हिल्दार्दोची जीप रुतली. तीच डाव्या चाकाची गरगर, तेच उजव्या चाकाचं बघत बसणं. मागून आर्नोबिओ आला. रस्ता अरुंद, पण अशी संधी तो सोडणार थोडाच! त्याने बाजूच्या दगडांवरून आपली गाडी कशीबशी पुढे घातली, दोर बांधला आणि हिल्दार्दोला माथ्यापर्यंत ओढत नेलं. वर पोचल्यावर तो काच खाली करून म्हणाला, "आता सांग चौकात. सगळं सांग हं, काही ठेवू नकोस."

हिल्दार्दोने खरोखर सगळं सांगितलं. आर्नोबिओ त्या रात्री हसत हसत झोपला.

शनिवारी सकाळी तो नवा शर्ट घालून शेवटच्या जागेवर येऊन उभा राहिला. आज रांग मोडून लोक आपल्याकडे येणार याची त्याला खात्री होती. पुढे सेइबाच्या सावलीत मास्तरीणबाई हिल्दार्दोच्या जीपपाशी थांबल्या.

"चढ ओला आहे रे. आर्नोबिओदादा येतायत ना मागून?"

"येतायत."

"मग बसते."

त्यांच्यामागे आणखी एकाने तेच विचारलं. मग आणखी एकाने. सगळे हसतमुखाने चढले. आर्नोबिओची जीप रिकामी ती रिकामीच. तो मुठी आवळून पुढे निघाला. एवढ्यात टोपली डोक्यावर घेतलेली रुबिएला त्याच्या शेजारून गेली, तिने त्याच्या जीपकडे बघितलंसुद्धा नाही, आणि सावलीतल्या जीपशी जाऊन उभी राहिली.

"हिल्दार्दोभाऊ, अंडी जपून घ्या," ती म्हणाली. "आणि आमचे हे मागून येतायत ना?"