जावयाचं कापड

शेजारच्या शकूमावशींना जावई नाही. पण त्या जावयाचं पोट सुटत चाललंय, ही तक्रार मी बारा वर्षं ऐकतोय.

त्यांच्या कपाटात शर्टाचं आकाशी कापड आहे. होणाऱ्या जावयासाठी त्यांच्या यजमानांनी वारण्याआधी हौसेनं आणलेलं. लेक अर्चना लग्नाचं नाव काढत नाही, म्हणून मावशी ते अधूनमधून माझ्याच अंगाला लावून बघतात. "जावई तुमच्याच चणीचा येणार, गुरुजी. पण तुमी असेच फुगायलात तर कापड पुरायचं न्हाई."

म्हणजे लग्न तिनं करायचं नाही आणि वजन मी कमी करायचं.

अर्चना पाथरीला जनावरांची डॉक्टर आहे, वय छत्तीस. लग्न करायचं नाही हे तिनं आईला इतक्यांदा सांगितलंय की मला पाठ झालंय. थोरल्या मुलानं बँकेची नोकरी सोडून पिंगळीला रोपवाटिका टाकली, ते मावशींनी कसंबसं पचवलं. हे काही पचेना. "मग मी वाण कुणाला देऊ?" हा एकच सवाल. गॅस संपला तरी तोच, चहा उतू गेला तरी तोच.

दर तीन वर्षांनी धोंड्याचा महिना येतो. गल्लीतल्या सासवा जावयाला पाटावर बसवून पाय धुतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, कपडे आणि तेहतीस अनारशांचं वाण देतात. मागच्या खेपेला मावशींनीही रागारागात अनारसे तळले आणि चार दिवसांत सगळे मला संपवायला लावले. वर म्हणाल्या, "जावयानं एवढे खाल्ले नसते." माझी शुगर अजून उतरलेली नाही.

यंदा दारातूनच हुकूम आला. "गुरुजी, रविवारी उपाशी या."

मी ओळखलं, आता मलाच पाटावर बसवणार. बायको म्हणाली, "जा. कुठंतरी मान मिळायलाय तर घ्या."

गेलो. पाट, रांगोळी, समई, सगळं मांडलेलं. मी पाटाकडे वळलो तशा मावशी खेकसल्या, "तुमी कुठं निघालात? खुर्चीत बसा तिकडं." अर्चना नुकतीच पोखर्णीच्या एका अडलेल्या म्हशीला मोकळी करून आली होती. तिला म्हणाल्या, "तू बस."

"आई, मी?"

"बस गुमान."

त्यांनी परात पुढं ओढली आणि तिच्या पायांवर पाणी घातलं. अर्चनानं पाय मागं घेतला. "काय करायलीस? हे जावयाचे धुतात."

"गेल्या उन्हाळ्यात माझा पाय मोडला, तवा तीन महिने माझे पाय कोण धुतलं? जावई आला होता का?" मावशींनी पाय पुन्हा परातीत ओढला. "मी गेल्यावर तुला कोण बघंल, ह्या एका भ्यावानं मी बेजार झाले होते. तूच मला बघायलीस की. हलू नको, लय शेण हाय."

वाणाच्या ताटात अनारशांशेजारी आकाशी शर्ट होता, अर्चनाच्या मापाचा. माझ्या पोटाचा हिशोब धरलेलं कापड उरलं, त्याचा रुमाल मला मिळाला.

अर्चनानं शर्ट अंगात घातला आणि खाली मान घालून बटणं लावत राहिली. सगळी लावून झाली तरी मान वर येईना.

"भिजवू नको," मावशी म्हणाल्या. "तुझ्या बापानं आणलंय."

आणि त्यांनी माझ्या हातातला रुमाल ओढून घेऊन स्वतःच्याच डोळ्यांना लावला.