साडेचारशे फूट धुऱ्याची हार्डडिस्क

घराला कुलूप लावतानाचा व्हिडिओ काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पातूरचे आमचे शेजारी गुलाबकाका. बस सुटली की ते मोबाईलवर स्वतःचं कुलूप लावणं बघतात, मान डोलावतात आणि मगच तिकीट काढतात. भाजी घेतली तर काट्याचा व्हिडिओ. दाढी केली तर गालांचा, आधी आणि नंतर. "पुरावा पाह्यजे बाप्पा! बिनपुराव्याचं जग हाय हे."

काकांचं म्हणणं असं, की त्यांच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, सख्खा थोरला भाऊ दरवर्षी नांगराच्या एका तासाने, एका ओळीने, सरकवतो. नऊ वर्षं दोघांत बोलणं नाही. मी पत्रकं छापून भांडणारा माणूस. अन्याय ऐकला आणि डोकं तापलं. तहसीलचा अर्ज मीच लिहिला, चांगला चार पानी. काकांनी धुऱ्यावर सोलरचा कॅमेरा ठोकला. पण कार्ड भरलं की जुनं चित्रण आपोआप पुसलं जायचं.

"पुसते? मले न इचारता? चोर हाय का कॅमेरा?"

म्हणून सगळं उतरवून ठेवायला हार्डडिस्क घ्यायची ठरली. आम्ही अकोला गाठलं.

"किती टीबीची दाखवू?" दुकानदाराने विचारलं.

"धुरा साडेचारशे फूट हाय. त्या हिशेबानं द्या."

"काका, हे फुटावर नसते. किती दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवाचं?"

"समदं."

"मंग जुनं कधी पुसान?"

"कावून पुसू?"

दुकानदाराने नव्या जातीची, बोटभर, बिनआवाजाची डिस्क पुढे केली. काकांनी ती कानाला लावली. "हे तं झोपलं हाय." मग जाडजूड, घुरघुरणारी आली. "हां. हे राबून राह्यलं." तरी भरवसा नाहीच. दुकानदाराचाच अर्धा तास व्हिडिओ काढून त्यात भरला आणि पुन्हा पूर्ण अर्धा तास बघितला. मागे गिऱ्हाईकं खोळंबली. "दोनदा नाक खाजोलं यानं, दोन्ही खेपा उतरलं. खरं बोलते हे. द्या बांधून!"

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी पुरावा शोधायला बसलो. चार महिन्यांचा धुरा पळवत पळवत पाहिला. नांगरटी झाली, वखर फिरला. धुरा जिथल्या तिथे. चोरी नाही, काही नाही. रोज दुपारी काकांचे थोरले बंधू पुंडलिकभाऊ एकटेच यायचे, बाभळीखाली बसून भाकर खायचे, फडकं झटकून जायचे. एवढंच.

माझा संताप झाला. "काका, नऊ वर्सं तुमी खोटं सांगत होते? त्या बुढ्यावर आळ घेतला! अर्ज मांगं घ्या, अन् हे पुसून टाका समदं."

काकांनी हार्डडिस्क माझ्या हातातून ओढून घेतली. "अर्ज घे मांगं. पुसाचं नाव काढू नको."

"मंग यात पाह्यता काय तुमी?"

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "तू शेवटचे तीन दिवस पाह्यले का?"

पाहिले. बाभूळ, सावली, चिमण्या. कोणी नाही.

"भौ जेवाले आला नाई. तीन दिवस. तू जाय ना पुढारी, अर्जाचं निमित्त कर. दुखणं-गिखणं तं नाई, पाहून ये. माहं नाव सांगू नको."

मी चपला घालून फाटकाबाहेर पडलो, तर मागून आवाज आला,

"त्यानं इचारलं तं सांग."