मागच्या सीटवरचा नॉमिनी

आमच्या सातपूरच्या कॉलनीत पहिल्यांदा आलेला माणूस भाजीच्या हातगाडीपाशी हमखास थबकतो. तिथे काठपदराची साडी नेसलेली, त्रेसष्ट वर्षांची एक बाई डोक्यावर अख्खं हेल्मेट चढवून मेथीची जुडी निवडत असते. भाव विचारायचा असला की ती हेल्मेटची काच वर करते. भाव पटला नाही की काच खाली पाडते आणि मग भाजीवाला काय बोलतो ते तिला ऐकू येत नाही. भाजीवाल्याने आता घासाघीस करणं सोडून दिलंय.

या आमच्या गांगुर्डे सिस्टर. मी शेजारी राहतो, म्हणून एकदा विचारलं, "सिस्टर, गाडी कुठाय?"

"गाडी यायला महिना आहे. तोवर मानेला सवय नको?"

सिस्टर सरकारी नर्स होत्या. तरुणपणी दिंडोरी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर मोटारसायकलने फिरायच्या. स्कूटर नव्हे, मोटारसायकल. साडीखाली नवऱ्याची जुनी पँट, मागच्या सीटवर दोरीने आवळलेला लसींचा डबा. चिखलात गाडी फसली की द्राक्षबागेतल्या बाया धक्का मारायच्या आणि त्या बदल्यात सिस्टर तिथेच त्यांचा रक्तदाब बघायच्या. पुढे बदली शहरातल्या दवाखान्यात झाली, तो घरापासून पायी दहा मिनिटांवर. गाडी विकली. त्याला बावीस वर्षं झाली. आणि आता, निवृत्तीनंतर पाच वर्षांनी, सिस्टरना पुन्हा मोटारसायकल हवी होती. का, ते त्या कुणाला सांगत नव्हत्या.

माझा धंदा विम्याचा. कॉलनीच्या कोपऱ्यावर माझा छोटा गाळा आहे. गाडी ठरल्यावर सिस्टर तिथे आल्या. सोबत नात तन्वी, वय एकोणीस. तीही पहिल्यांदाच गाडी घेत होती. दोघींनी एकाच कंपनीची, एकाच ताकदीची गाडी पसंत केलेली. सिस्टर खुर्चीत बसल्या, हेल्मेट मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "हं प्रमोद. दीर्घ श्वास घे आणि पहिल्यापासून सांग."

हे त्यांचं सगळ्यांनाच असतं. बँकेतल्या कॅशियरला, गॅसवाल्याला, टीव्हीवर बातम्या देणाऱ्यालासुद्धा. मी श्वास घेतला आणि थर्ड पार्टी सांगायला लागलो.

"थांब. पहिली पार्टी कोण?"

"तुम्ही."

"तिसरी?"

"ज्याला तुमची गाडी लागली तो."

"मग दुसरी?"

"विमा कंपनी."

सिस्टर विचारात पडल्या. "ती तर गाडीवर नाही, रस्त्यावर नाही, धडकेतही नाही. तिचा दुसरा नंबर कसा?"

वीस वर्षं मी हा धंदा करतोय. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता आणि खरं सांगायचं तर मलाही कधी पडला नव्हता. मी पुढच्या मुद्द्यावर गेलो. तिथे आणखी फसलो. दरवर्षी क्लेम केला नाही तर पुढच्या हप्त्यात सूट मिळते, असं मी सांगितलं.

"मग माझी बावीस वर्षांची धर," सिस्टर म्हणाल्या. "बावीस वर्षांत माझा एक क्लेम नाही."

"अहो, पण बावीस वर्षं तुमच्याकडे गाडीच नव्हती!"

"मग? यापेक्षा सुरक्षित गाडी कोण चालवणार?"

तन्वी हसून खाली वाकली. मी कंपनीच्या साहेबांना फोन लावला. का लावला, मला अजून कळत नाही. साहेब आधी म्हणाले, नाही. मग म्हणाले, थांबा, बघून सांगतो. मग म्हणाले, अर्थातच नाही, तुम्ही असलं काहीतरी विचारताच कसं. त्यांचाही थोडा गोंधळ झालेला दिसला.

खरा घोळ पुढेच होता. सिस्टरनी मोबाइलवर कुठल्याशा परदेशी माणसाचा व्हिडिओ बघितला होता. तिकडे म्हणे पोरासोरांकडून विम्याचे जास्त पैसे घेतात, आणि बऱ्याच वर्षांनी परत गाडीवर बसणाऱ्यालाही नवशिकाच धरतात.

"तर मी नवी का जुनी, ते आधी सांग."

"सिस्टर, आपल्याकडे तसं नाही. गाडीचं इंजिन किती मोठं, गाडी किती किमतीची, ते बघतात. चालवणाऱ्याचं वय कुणी विचारत नाही. तुम्हाला आणि तन्वीला सारखाच हप्ता."

सिस्टरनी हेल्मेट टेबलावर ठेवलं. "बाळाला आणि म्हातारीला सारखा डोस? कोणत्या डॉक्टरनं लिहून दिला हा? हिनं परवा शिकताना पाटलांची तुळशीची कुंडी फोडली. मी रात्रीबेरात्री वणीच्या घाटात बाळंतिणी गाठल्या."

"मग तुमचा कमी करू म्हणता?"

"नाय! माझा वाढव. बावीस वर्षांनी बसतेय मी. हात विसरले असतील तर? हिचं डोकं ताजं आहे, माझं नाही. माझ्याकडून जास्त घे आणि पक्का विमा दे."

गिऱ्हाईक हप्ता वाढवून मागतंय, ही वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. मी नियम दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते वाचले, मला परत वाचून दाखवले, आणि दुसऱ्यांदा ऐकताना मलाच वाटायला लागलं की हे काही बरोबर दिसत नाही.

मध्ये लायसन्सचं निघालं. सिस्टरचं लायसन्स कधीच संपलेलं, त्यामुळे पुन्हा परीक्षा. आजी आणि नात एकाच दिवशी आरटीओच्या मैदानावर गेल्या. तन्वीने आठच्या आकड्यात पाय टेकवला आणि नापास झाली. सिस्टर आकडा पुरा करून थांबल्याच नाहीत, दुसरा काढायला लागल्या. इन्स्पेक्टर ओरडला, "आजी, एकच पुरे!" सिस्टरनी काच खाली पाडली होती. त्यांनी तिसराही काढला.

त्यानंतर त्या एकट्याच माझ्याकडे फॉर्म भरायला आल्या. सगळे रकाने भरून झाले. नॉमिनीपाशी गाडी अडली.

"तुमचं काही बरंवाईट झालं तर पैसे ज्याला मिळायचे त्याचं नाव," मी म्हणालो. "आबांचं घालतो."

आबा म्हणजे सिस्टरचे यजमान. दिंडोरीला कारकून होते. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, दिवसाला मोजून वीस शब्द.

"ह्यांचं नको," सिस्टर म्हणाल्या.

मी पेन खाली ठेवलं. चाळीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याचं नाव नको? भांडण झालं असेल तर विमा एजंटाने तोंड घालू नये.

"मला सांग," त्या हळूच म्हणाल्या, "नॉमिनी गाडीवर मागेच बसलेला असला, तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे पडलो तर दोघं पडणार ना. मग त्याचा काय उपयोग?"

आता दीर्घ श्वास मी स्वतःहून घेतला. सिस्टर हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत होत्या. त्यांना इतकं अवघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"हे कधीच बसले नाहीत माझ्या मागे," त्या म्हणाल्या. "दोघांची नोकरी एकाच रस्त्याला. सकाळी एकाच वेळी निघायचो. हे एसटीनं, मी गाडीनं. पुढे मी एसटीला मागे टाकायचे, तर हे खिडकीत तोंड दुसरीकडे करून बसायचे. बायको गाडी चालवते आणि नवरा मागे बसतो, हे लय अवघड होतं तेव्हा. ह्यांची पँट रोज माझ्या गाडीवर बसली, हे नाय बसले. मी कधी बोलले नाही. ह्यांनीही गाडी बंद कर असं एका शब्दानं म्हटलं नाही, एवढंही लय होतं."

"मग आता?"

"उन्हाळ्यात एकदा चहा पिता पिता म्हणाले, तुझ्या गाडीवर बसायचं राहूनच गेलं. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. लगेच हो म्हटलं असतं, तर ह्यांनी शब्द मागे घेतले असते."

मी फॉर्मकडे बघत राहिलो.

"म्हणून म्हणते, माझं काय ते राहू दे. मागे बसणाऱ्याचा पक्का विमा असतो का? जास्तीत जास्त जेवढा असेल तेवढा दे."

असतो. मी दिला. नॉमिनी म्हणून तन्वीचं नाव घातलं. सिस्टरनी सही केली आणि पावती दोनदा घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली.

गाडी आली त्या रविवारी मी सकाळी दूध आणायला निघालो होतो. सिस्टर गाडी सुरू करून बसलेल्या. आबा बाजूला उभे, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर कोरं हेल्मेट. आधी एक पाय टाकून बघितला, काढला, मग दुसऱ्या बाजूने गेले. शेवटी माझ्या खांद्याचा आधार घेऊन बसले. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना. मांडीवर ठेवले, मग मागच्या दांडीला धरलं. सिस्टर पुढे बघत होत्या. त्यांनी एक हात मागे नेला, आबांचा हात पकडला आणि आपल्या कमरेवर ठेवून दिला, नाडी बघायला रोग्याचा हात धरावा तितक्याच सहज.

आबांनी मान वळवून गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. मग मला खालच्या आवाजात विचारलं, "प्रमोद, कुणी बघतंय का रे?"

रविवारची सकाळ, सगळ्यांची दारं बंद. त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "नाही आबा, अजून कुणी उठलेलंच नाही."

आबांनी हेल्मेट सारखं केलं. मग सिस्टरच्या पाठीवर बोटाने टकटक केलं.

"मग थांब गं थोडी," ते म्हणाले. "लोकांना उठू दे."