आत जायला पावती लागत नाही

सोनटाकळीच्या ग्रामपंचायतीला दोन कुलपं लागली, आणि आत रेडिओ चालूच राहिला.

पहिलं कुलूप हिंमतरावांचं. किल्ली बंडीच्या आतल्या खिशात टाकून ते ओट्यावर उभे राहिले. "जवरोक गैरानावरचे बाहेरचे लोकं उठत नाईत, तवरोक पंचायत बंद! दिवे बंद, सही बंद, शिक्का बंद!" हिंमतराव सरपंच नव्हते, पण पंचांमध्ये बहुमत त्यांचं होतं आणि आवाज बहुमताहून मोठा होता. मग सरपंच भगवानरावही ओट्यावर चढले. त्यांनी घरून आपलंही कुलूप मागवलं, त्याच कोयंड्यात अडकवलं आणि म्हणाले, "आता तुमी काढलं तरी दार बंदच. त्या लोकाईले जागा देतो म्हना, मंग पाहू."

ते लोक म्हणजे दुष्काळात जालन्याकडून तलावाच्या कामावर आलेली खडी फोडणारी माणसं. त्यांच्या खडीवर तलाव उभा राहिला, पाऊस आला, तलाव भरला, पाण्यावर बगळे उतरले. माणसं मात्र परत गेली नाहीत. परत जावं असं मागे काही उरलं नव्हतं. गायरानात त्यांनी पळसाच्या फांद्यांच्या झोपड्या घातल्या, आणि आता त्यांना गावात नाव हवं होतं. नाव लागलं की मत आलं. ती मतं आपलीच, असं भगवानराव धरून चालले होते. हिंमतरावही तेच धरून चालले होते, म्हणून त्यांना ती नको होती.

दोघांचाही डाव लोकांवर सोडलेला. "बसू दे गावाले अंधारात," हिंमतराव म्हणत, "सरपंचाच्या दारात बोंबलत जाते का नाई पाहा." भगवानराव मारुतीच्या पारावर सुपारी कातरत म्हणत, "पयलं कुलूप कोनाचं? बोंब त्याच्याच नावानं होईन."

लोकांनी दोघांनाही फसवलं. ते बोंबलले नाहीत. रोज संध्याकाळी ते बंद दारासमोर पोती अंथरून बसू लागले. आत रेडिओ कपाशीवरच्या किडीचं सांगे, मग भजन लावी, मग बातम्या. "पंचायत चालू व्हती तवा इतकं साफ आयकू येत नवतं," म्हातारे पुंजाजी म्हणाले. "तवा आत पंच बोलत." हळूहळू बॅटरी उतरली, आवाज बारीक होत गेला आणि एका संध्याकाळी भजनाच्या मध्येच विरून गेला. पंचायत बंद असल्याचं गावाला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

एक खातं हिंमतरावांनी मुद्दाम चालू ठेवलं होतं. ते म्हणजे कोंडवाडा. पंचायतीच्या कचरू चपराशाला त्यांनी बोलावून सांगितलं, "मोकाट जनावर दिसलं का कोंड. कोनाचं हाय हे पाहूच नको."

"पन भाऊ, सोडवाले पावती लागते. पावतीबुक तं आत अडकलं."

"आत घालाले पावती लागते का बे?"

"नाई."

"मंग घाल ना. काढाचं मंग पाहू."

मोकाट फिरत त्या गायरानवाल्यांच्या शेळ्या. त्यांना ना दावं होतं, ना गोठा. चार दिवसांत कोंडवाडा 'बँ बँ' करू लागला. पंचफुला नावाची एक बाई आपल्या दुभत्या शेळीसाठी हिंमतरावांच्या दारात येऊन उभी राहिली.

"दादा, पिल्लं घरी राहिली. रातभर वरडत्यात. सोडा की तिला."

"पावती आन."

"कुठून आणू? हापिसाला तर कुलूप हाय."

"तेच तं!" हिंमतराव खूश होऊन म्हणाले. "आन ध्यानात ठेव, बिनपावतीची सोडवली तं चोरी लागीन. मंग कोनीबी असो, पोलिसात देईन." हे त्यांनी सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं. तेच पुढे महागात पडलं.

पंचफुला तिथून निघाली ती कोंडवाड्याकडे. कोंडवाड्याची मागची भिंत गायरानाकडे होती. पावसानं भिंतीला पोट आलं होतं आणि दुरुस्तीचा ठराव कुलपाआड पडला होता. त्या भिंतीवरून ती सकाळ-संध्याकाळ बाभळीचा पाला आत टाकू लागली. आपल्याच शेळीपुढे पडावा असा नेम काही तिला साधत नसे. मग सगळीच जनावरं खात.

असा पोळा जवळ आला.

सोनटाकळीच्या पोळ्यात तोरणाखालून पहिली जायची ती हिंमतरावांच्या घरची जोडी. तो मान त्यांच्या पणजोबांपासूनचा. ती जोडी गेली की पोळा फुटला. ती जाईपर्यंत गावातला कोणताही बैल तोरणाखाली पाऊल टाकत नसे. यंदाची जोडी म्हणजे मोगऱ्या आणि गुलब्या. त्यातला मोगऱ्या तर हिंमतरावांचा जीव. त्याची माय वितानाच गेली तेव्हा हिंमतरावांनी कापडाच्या बोळ्यानं दूध पाजून त्याला वाढवलं होतं. दुष्काळात छपराचा कडबा उपसून त्याला घातला आणि स्वतः उघड्या आढ्याखाली उन्हाळा काढला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची आंघोळ झाली. हळद-लोण्यानं खांदे मळले. हिंमतरावांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, दोघांच्या कपाळाला कुंकू लावून उद्याच्या जेवणाचं आवतण दिलं. उद्याचा मान म्हणून आजच दावी सैल केली होती. आवतण घेऊन मोगऱ्या निघाला तो थेट भगवानरावांच्या ज्वारीत जेवायला गेला.

कचरूनं त्याला पाहिलं. ओळखलंही. पण 'कोनाचं हाय हे पाहूच नको' हा हुकूम त्याच्या कानात ताजा होता.

दिवे लागायच्या सुमारास हिंमतराव धापा टाकत कोंडवाड्यावर पोचले. "कचरू! आरं हा माहा मोगऱ्या हाय!"

"म्या पाह्यलंच नाई भाऊ, कोनाचा हाय ते. तुमीच सांगतलं."

"सोड त्याले!"

"सोडतो ना. पावती?"

समोरच्या ओट्यावर भगवानरावांची माणसं बसली होती. त्यांतला एक अत्यंत मायेनं म्हणाला, "हिंमतराव, बिनपावतीचा नेऊ नका हो. चोरी लागीन."

घरी मनकर्णाबाई डाळ निवडत होत्या. सगळं ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं. "मंग काढा ना कुलूप."

"काढलं का हारलो. आन म्या काढलं तरी भगवानरावचं राह्यते. तो म्हनन, आधी जागा द्या."

"द्या मंग जागा. तुमच्या छातीवर झोपून राह्यले का ते लोकं?"

"हे राजकारन हाय. तुले नाई समजत."

"नाई समजत," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मले इतकंच समजते का आवतन म्या देल्लं हाय, आन पाव्हना कोंडवाड्यात हाय. उद्या पुरनाचा निवद कोनाले दाखवू? तुमच्या कुलपाले?"

सकाळी फटफटताच हिंमतराव कडब्याची पेंढी घेऊन कोंडवाड्याच्या मागच्या बाजूनं गेले. कुणी पाहू नये म्हणून. तिथे आधीच पंचफुला उभी होती. भिंतीवर मोगऱ्याची मान आली होती आणि तो तिच्या हातून पाला खात होता. शेळीची पिल्लं तिच्या लुगड्याला बिलगलेली. हिंमतराव थबकले. इतकी वर्षं मोगऱ्यानं घराबाहेरच्या माणसाच्या हातून काही खाल्लं नव्हतं.

"तुमचा हाय का दादा?" तिनं विचारलं. "रातभर हंबरत होता. मी म्हणलं, ह्याचं बी कुणी तरी भायेर राहिलं असंल."

हिंमतरावांनी पेंढी भिंतीवर ठेवली. बोलायला खूप होतं, पण त्यातलं सगळं त्यांनी आळीला ऐकवून टाकलं होतं. ते तसेच मागे फिरले.

दुपार कलली. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. ढोल-डफडी वाजू लागली. झुली, बाशिंगं, रंगवलेली शिंगं. सारं गाव जोड्या घेऊन उभं राहिलं. सर्वांत पुढे हिंमतराव, त्यांच्या हातात गुलब्याचा कासरा, आणि गुलब्याच्या शेजारी रिकामी जागा. ढोल थांबले. कुणीच हलेना.

"भगवानराव, तुमची जोडी न्या पुढं," कुणीतरी म्हणालं.

भगवानराव एक पाऊल पुढे आले आणि त्यांच्याच घरच्या बायांतून आवाज आला. त्यांची म्हातारी आई काठी आपटत म्हणाली, "खबरदार भगवान्या! दुसऱ्याचा मान खाल्ला तं घरात पाय ठेवू नको." भगवानराव एक पाऊल मागे गेले.

झालं. पोळाही बंद पडला. बैल उभे, माणसं उभी, घरोघर पुरणपोळ्या थंड. तेव्हा पुंजाजींनी कानावर हात ठेवला आणि झडती, म्हणजे पोळ्याचं टोमणेबाज कवन, म्हटली. पोळ्याला झडती म्हणणाऱ्यावर कुणी रागवत नसतं, हे ठाऊक असल्यानं त्यांनी आवाज चांगलाच चढवला:

"डोंगरावून आला ढग, ढगाले आडवन कोन?
गावाचा माह्या दरवाजा एक, कुलपं त्याले दोन!
मालक उभा तोरनाखाली, बैल कोंडवाड्यात,
पुरनाची पोई थंडी झाली काशाच्या ताटात!
हर बोला, हर हर महादेव!"

गाव असं हसलं की बैलांनी कान टवकारले. हिंमतराव हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते फेट्याच्या शेवानं बाशिंग पुसत असल्याचं दाखवत होते.

पुंजाजी जवळ आले. हळूच म्हणाले, "हिंमत, जोडी तोरनाखालून गेली पायजे, इतकंच ना? बैलाले बाहेर काढाले पावती लागते. तोरनाले नाई लागत."

"म्हंजे?"

"तोरन कोंडवाड्याच्या दारावर बांधू. गुलब्याले घेऊन तू आत जाय. आत जाले पावती लागते का?"

स्वतःचंच वाक्य हिंमतरावांना इतकं गोड कधी लागलं नव्हतं.

तोरण हललं. कोंडवाड्याच्या दोन खांबांना बांधलं गेलं. कचरूनं अडसर काढला. हिंमतराव गुलब्याला घेऊन तोरणाखालून आत गेले, मोगऱ्याजवळ उभे राहिले आणि जोडी पुरी झाली. ढोलवाल्यानं हात उचलला, पोरांनी फटाके उडवले, आणि "पोळा फुटला!" अशी एकच आरोळी उठली.

पोळा फुटला की जोड्या मानकऱ्यांच्या मागोमाग तोरणाखालून धावतात. ही रीत बैलांना माणसांहून पक्की ठाऊक. मानकरी कुठे गेले हे कुणी पाहिलंच नाही. भगवानरावांची जोडी आत गेली. त्यामागे सुतारांची, त्यामागे साऱ्या गावाची. कासरे ओढत, "हो हो" करत मालकही आत गेले. शेळ्या बिचाऱ्या भिंतीवर चढायला लागल्या. सगळं गाव आत गेलं असं पाहून कचरूनं इमानानं अडसर लावला.

"कचरू, अडसर काढ!" आतून भगवानराव ओरडले.

"काढतो ना, सरपंचसाहेब. पावती?"

"आरं, म्या सरपंच हाव!"

"मंग तुमाले तं मालूमच असन."

आत रेटारेटी वाढली. मागच्या भिंतीचं पोट थोडं आणखी पुढे आलं. एक दगड सुटला, मग दुसरा, आणि पावसानं भिजलेली ती भिंत गायरानाच्या बाजूला हळूच, एखादी दमलेली बाई खाली बसावी तशी, बसली. झुली, घुंगरं, गोंडे आणि शेळ्या असा सारा पोळा गायरानात उतरला.

गायरानातली माणसं झोपड्यांबाहेर येऊन पाहत राहिली. त्यांच्याकडे बैल नव्हते. दुष्काळात दावणी रिकाम्या झाल्यावर त्यांच्या दारात पोळा आलाच नव्हता. पण दारात आलेल्या बैलाचं काय करायचं हे कुणाला सांगावं लागत नाही. जिच्या हाती जे आलं ते घेऊन बाया धावल्या. कुणी तांब्या, कुणी परात, कुणी नुसती ओंजळ. मोगऱ्या कुणाचं न ऐकता सरळ पंचफुलाच्या झोपडीपुढे जाऊन उभा राहिला. तिनं त्याच्या खुरांवर पाणी घातलं, हळद नव्हती म्हणून माती लावली, आणि चतकोर भाकरी त्याच्या तोंडाशी धरली. शेळी केव्हाच पिल्लांना पाजू लागली होती.

हिंमतराव धावत आले ते दाराशी थांबले. रीत अशी की बैलाची पूजा झाली की बैलाच्या मालकालाही टिळा लावायचा. पंचफुलाचा हात पुढे आला. हिंमतरावांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. सारं गाव बघत होतं. त्यांनी फेटा मागे सारला आणि कपाळ पुढे केलं.

पुंजाजी मागून म्हणाले, "पोळ्याचा मान ज्या उंबऱ्यावर झाला, तो उंबरा गावातला. आपल्या बापजाद्याईनं घरं अशीच मोजली."

"उंबरा कुठं हाय?" भगवानराव धूळ झटकत म्हणाले. "नुसती झोपडी."

"मंग उंबरा बसवून देऊ," हिंमतराव म्हणाले. स्वतःलाच ऐकू येऊ नये इतक्या हळू म्हणाले, पण मनकर्णाबाई तिथेच पुरणाचं ताट घेऊन उभ्या होत्या, त्यांना ऐकू गेलं. त्यांनी अर्धी पोळी मोगऱ्याला दिली आणि अर्धी पंचफुलाच्या पदरात टाकली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कुलपं निघाली. हरलं कोण ते ठरायला नको म्हणून दोघांनी एकदमच किल्ल्या फिरवल्या. पहिला ठराव हिंमतरावांनी मांडला. कोंडवाड्याची भिंत पडली आहे, ती बांधायला दगडाच्या कामाची माणसं लागतात, आणि पंचायतीचं काम गावातल्याच माणसाला द्यावं असा नियम आहे. तरी गायरानावरच्या सर्वांना गावातलं धरावं. भगवानरावांनी अनुमोदन दिलं, पण तोंड अगदी आंबट करून. इतके महिने जपून ठेवलेली मतं डोळ्यांसमोर पलीकडच्या गोटात जाताना दिसत होती.

भिंत बांधून झाली. कोंडवाडा पुन्हा सुरू झाला. मोगऱ्याला मात्र एक खोड लागली. दावं सैल दिसलं की तो संध्याकाळी एकटाच उठून गायरानाकडे चालू लागे. भगवानरावांनी एकदा पारावरून पाहिलं आणि कचरूला हाक मारली.

"कचरू, डोळे फुटले का बे? हिंमतरावाचा बैल मोकाट चालला. कोंड त्याले!"

कचरूनं मोगऱ्याकडे नीट पाहिलं. गायरानात चुली पेटल्या होत्या, आणि एका दाराशी नवाकोरा सागवानी उंबरा दिसत होता.

"मोकाट कसा, सरपंचसाहेब?" तो म्हणाला. "गावातल्या घरी चालला तो."