डब्याच्या चाकांचा आवाज

गेले आठ दिवस दयाराम मेश्रामांच्या उत्तरेतल्या आलमबागच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एकच अल्बम वाजत होता. त्यांच्या मुलीच्या मैत्रिणीच्या भावानं तो विलायतेहून आणला होता आणि मुलीनं, विनीतानं, तो कॅसेटवर उतरवून घेतला होता. पंक रॉक म्हणतात म्हणे याला. आधी ढोल बडवायचे, मग गिटार, मग चार आकडे ओरडून गाणं सुरू. ऐकून ऐकून दयारामांना सगळं पाठ झालं होतं. चाल मात्र वाईट नव्हती. परवा दाढी करता करता तीच गुणगुणताना बायकोनं, चंदानं, त्यांना पकडलं होतं.

त्यामुळे वरिष्ठ अधिकारी दीनानाथसाहेबांच्या खोलीत टेपचं बटण दाबल्यावर पहिल्या दोन ठोक्यांतच त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

रेल्वेच्या नव्या डब्याची चाचणी त्यांनीच घेतली होती. चाकांजवळ माइक बांधून आवाज टेप केला, घरी आणून ऐकला आणि रिपोर्टात ‘दोष नाही’ लिहून सही ठोकली. कॅसेटवर नाव घालायचा तेवढा कंटाळा केला. पोरीनं ती कोरी समजून वापरली आणि आज सकाळी घाईत यांनी तीच खिशात घातली. डबा संध्याकाळी प्रवासी घेऊन निघणार होता.

साहेब डोळे मिटून ऐकत होते. पुरावा पुसला गेलाय हे सांगावं, तर नोकरीवर गदा. दयारामांनी हळूच बटणाकडे हात नेला.

“रहने दीजिए,” साहेब म्हणाले.

गिटार सुरू झाली. आता तो माणूस ओरडणार.

“वन, टू, थ्री, फोर!”

साहेबांनी डोळे उघडले. “ये कौन है?”

“खलासी है, साहब. पटरी के जोड़ गिन रहा है.”

“अंग्रेज़ी में?”

“कॉन्व्हेंट का पढ़ा है,” म्हणत दयारामांनी टेप बंद केला.

साहेबांनी समोरचा रिपोर्ट उघडला. “इतनी खड़खड़ाहट, और आपने लिखा है दोष नहीं? डिब्बा खुलवाइए.”

दोन तास दयाराम रुळांशेजारी उभे होते. काही सापडलं नाही, तर साहेब पुन्हा कॅसेट मागणार, आणि या खेपेला पुढचं गाणंही ऐकणार. तेवढ्यात डब्याखालून शामराव फिटरनं कंदील वर धरला आणि हाक मारली. तेलाच्या थराखाली एका स्प्रिंगला केसाएवढी चीर गेली होती. पहिल्याच फेरीत ती तुटली असती.

दयारामांनी वाकून ती चीर बोटानं चाचपली. ज्या डब्याला आपण पास केलं, त्यात आज साठ-सत्तर माणसं बसणार होती. साहेबांनी मात्र रिपोर्ट फाडून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. चूक माणसाचीच होते, टेपची नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. यापुढे प्रत्येक डब्याचा टेप ते स्वतः ऐकणार होते.

घरी विनीता दारातच उभी होती, चेहरा पांढराफटक. “पापा, वो कैसेट आपकी थी क्या?”

दयारामांनी सावकाश बूट काढले. खऱ्या चाकांचा आवाज ऐकला, तर आजचा आवाज चाकांचा नव्हता हे साहेबांना लगेच कळणार होतं.

“विनी,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “या लोकांनी आणखी किती अल्बम काढलेत गं?”