घिवलीची शेवटची निरक्षर

पोर्तुगीज शाळेत परीक्षा वीस गुणांची असते. चौदा मिळाले की घरात पेढे वाटतात.

घिवलीच्या सरपंचांनी गुलाल आधीच आणून ठेवला होता.

अंगठ्याची शाई खोबरेल तेलाने निघते. साबणाने पसरते.

दमणची माणसे एकसष्टच्या डिसेंबरात परदेशी म्हणून झोपली आणि देशी म्हणून उठली. कोणाचेही अंथरूण हलले नव्हते.

पालघरच्या शिक्षण कार्यालयात गुणाकार करण्याचा अधिकार कोणालाही नव्हता.

या पाच गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, असे चौकशीअंती आढळून आले. तरीही पाचही शैलाच्या वाट्याला आल्या.

शैला दमणची. बापाकडून मराठी, बाजारातून गुजराती आणि शाळेत पोर्तुगीज शिकून ती घिवलीच्या शांतारामशी लग्न करून वाडीत आली. सासू गोजराबाई आधी तिच्या बोलण्याला हसली, मग तिच्याचकडून सही शिकली. पासष्ट साली गावच्या शाळेचे गुरुजी अणुवीज केंद्राच्या बांधकामावर हजेरी घ्यायला निघून गेले, कारण तिथे हजर राहणाऱ्यांना पगार मिळत होता आणि हजेरी घेणाऱ्याला त्याहून जास्त. शाळेला कुलूप लागले. दिवाळीपर्यंत शिक्षक मिळाला नाही तर मुलांनी खाजणापलीकडच्या गावी शिकायला जावे, असे वरून कळले. खाजणातली वाट भरतीला पाण्याखाली जाते, हे वर कळलेले नव्हते.

सरपंच बळवंत वाडीत आले. "शैलावैनी, तुमी दमणला शेवटपरेंत शिकल्या ना? मग आमी गुरुजी कशाला शोदतो?"

शैलालाही तेच वाटत होते, पण नव्या सुनेने स्वतःहून कसे म्हणायचे म्हणून ती थांबली होती. दुसऱ्या दिवशी दमणच्या शाळेचा दाखला पदराखाली धरून ती पालघरला गेली.

शिक्षण कार्यालयातले दिनानाथ हे फार सज्जन कारकून. चहा पाजल्याशिवाय ते कोणालाही नकार देत नसत. त्यांनी चहा मागवला तेव्हाच शैलाने काळजी करायला हवी होती.

"बाई, चौदा म्हणजे नापास."

"वीसपैकी चौदा आहेत, साहेब."

"आणि उरलेले ऐंशी?"

"उरलेले नव्हतेच. परीक्षाच वीसची."

"अशी परीक्षा नसते." दिनानाथांचा स्वर हळवा झाला. "पूर्ण परीक्षा दिली असतीत, तर पास झाला असतात हो."

"पाचाने गुणा ना. सत्तर होतात."

दिनानाथांनी दाराकडे पाहिले, खुर्ची पुढे ओढली. "होतात. मलाही दिसतंय. पण गुणाकार जिल्ह्याला होतो. आमच्याकडे फक्त बेरीज."

प्रकरण जिल्ह्याला गेले. तिथल्या लोकांनी ते गांभीर्याने घेतले, म्हणजे पुष्कळ दिवस घेतले. उत्तर आले ते असे:

परदेशी परीक्षांचे नियम अर्जदारास लागू नाहीत, कारण दमण देशात आहे. देशी परीक्षांचे नियमही लागू नाहीत, कारण परीक्षा परदेशाने घेतली. सबब अर्जदाराने परीक्षा घेणाऱ्या देशाकडून खुलासा आणावा. त्या देशाशी आपले बोलणे बंद असल्याने, खुलासा मागितल्यास अर्जदाराच्या निष्ठेची वेगळी चौकशी होईल. तोवर शिक्षण प्रलंबित समजावे.

शिक्षणाच्या रकान्यात 'प्रलंबित' हा शब्द मावेना. दिनानाथांनी शून्य लिहिले.

"हे तात्पुरतं शून्य आहे, बाई," ते म्हणाले. "खरं नव्हे."

शून्य मात्र शून्यासारखेच दिसत होते. त्याच महिन्यात घिवलीतली साक्षरतेची मोहीम शेवटाला पोहोचली. जे गाव पूर्ण साक्षर होईल त्याचा आमदारांच्या हस्ते गौरव व्हायचा होता. गावातले म्हातारे-कोतारे अक्षरे गिरवून मोकळे झाले होते, गोजराबाईला तर दाखलाही मिळाला होता. कार्यालयाच्या यादीत एकच निरक्षर उरली, शैला.

बळवंत ओटीवर येऊन टोपी फिरवत बसले. मग म्हणाले, "वैनी, गावाचं अडलंय. तुमी शिका."

"काय शिकू?"

"वाचायला."

आतून गोजराबाई कडाडली, "माजी सून अडानी? अरे, हिनंच मला सही शिकवली!"

"तुमची सही पक्की हाय, काकू. तुमच्याकडं कागद हाय. हिच्याकडं नाय."

गोजराबाईने विचार केला. कागद खरोखरच तिच्याकडे होता, काच लावून भिंतीवर. ती सुनेजवळ येऊन बसली आणि मायेने म्हणाली, "घाबरू नको, शैले. मी हाय ना. काय अडलं तं मला इचार."

वर्ग काढायचा ठरला. शिकवायला कोण? मोहिमेच्या नियमाप्रमाणे शिकवणाऱ्या स्वयंसेविकेला शिक्षणाची अट नव्हती, फक्त इच्छेची होती. गावात इच्छा असलेली एकच बाई होती. तिची नेमणूक झाली. बागेला पाणी देऊन झाले की दुपारी शैला ओटीवर बसून शैलाला शिकवू लागली. एकदा तिला ताप आला. त्या दिवशी शिक्षिका हजर होती आणि विद्यार्थिनी गैरहजर. दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनीने कारण सांगितले, शिक्षिकेने समज देऊन सोडले.

दिनानाथ तपासणीला आले, नारळपाणी प्याले आणि खूश झाले. "विद्यार्थिनीकडे वैयक्तिक लक्ष दिलं जातंय. असं मोठ्या वर्गांत होत नाही."

"साहेब, मग मला शाळेतच घ्या की."

"घेऊ ना! आधी साक्षर तर व्हा."

परीक्षेच्या दिवशी शैलाने सही करायला लेखणी उचलली. दिनानाथांनी घाईघाईने तिचा हात धरता धरता सोडला.

"सही? परीक्षेआधी? मग परीक्षा कशाची घ्यायची, बाई?"

शैलाने अंगठा दिला. मग तिने 'घर', 'नथ', 'मगर' लिहिले, माहेरी खुशालीचे चार शब्द लिहिले आणि स्वतःचा पेपर स्वतःच तपासला. पक्षपाताचा बोभाटा नको म्हणून शुद्धलेखनात हात आखडता घेतला, तरी ती बऱ्यापैकी पास झाली. आता सही करायची परवानगी होती. सही पाहून दिनानाथांच्या डोळ्यांत पाणी आले. "इतक्या थोड्या दिवसांत," ते म्हणाले, "इतकं वळणदार!"

गौरव थाटात झाला. केळीचे खांब, ताशे, गुलाल. आमदारांनी शैलाला व्यासपीठावर बोलावून माळ घातली आणि या भगिनीच्या डोळ्यांवरची अज्ञानाची पट्टी आज गळून पडली, असे ते म्हणाले. गोजराबाईने सर्वांत जोरात टाळ्या वाजवल्या. तिला ते पटले होते.

दोनच दिवसांनी शैला नवा, देशी, शंकेला जागा नसलेला दाखला घेऊन पालघरला गेली. दिनानाथांनी चहा मागवला.

"साहेब, चहा नको. जागेचं सांगा."

"जागा परवा हलली, बाई."

"कुठे?"

"निरक्षर शिल्लक आहेत अशा गावी. घिवली पूर्ण साक्षर झाली, तीही तुमच्यामुळे. साक्षर गावाला शिक्षक देणं म्हणजे जेवलेल्याला पुन्हा ताट वाढणं."

"आणि पोरं? त्यांना कुठे अजून येतंय?"

"हळू बोला! ती टक्केवारीत आली आहेत. येत नाही म्हणालात तर गौरव परत करावा लागेल."

शैला चहा तसाच टाकून उठली. मुले ओहोटी पाहून खाजणापलीकडे शिकायला जाऊ लागली. शाळेच्या वेळेला भरती असेल त्या दिवशी ती चिखलात खेकडे धरत. शेवटी शैलाने न राहवून सरपंचांना निरोप धाडला, की पोरांना माझ्या ओटीवर पाठवा, मी फुकट शिकवीन.

बळवंत स्वतः आले. फार संकोचले होते. "वैनी, मन तुमचं मोटं हाय. पन लोक इचारतात... परवापरेंत जी बाई अंगटा देत होती, ती पोरांना काय शिकवनार?"

शैलाने सासूकडे पाहिले. गोजराबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तसं बगितलं तर माजा दाखला तुज्याआदीचा हाय, शैले."

मग ओटीवर गोजराबाई शिकवू लागली. 'ळ' अडला की ती आत वळून हाक मारी आणि शैला चुलीपाशी बसल्या बसल्या राखेत तो काढून दाखवी.

वाचकांनी हसायला हरकत नाही. मात्र हसण्यापूर्वी, आपल्याला वाचता येते हे सांगणारा कागद घरात नेमका कुठे ठेवला आहे, तेवढे बघून घ्यावे. सापडेपर्यंत इथवरचे वाचन ग्राह्य धरता येत नाही.

शैलाने स्वतःचे नाव पहिल्यांदा लिहिले ते दमणच्या किनाऱ्यावर, ओल्या वाळूत, शाळेत जायला लागण्याच्या आधी.